नदी जरा लांब काढा

ऑक्टोबर लागला आणि रस्त्यानं जाणाऱ्या मुलांच्या हातात चिमट्याची परीक्षा-पॅडं दिसू लागली, की माझीच परीक्षा सुरू होते. खरं तर मला कसलाही पेपर द्यायचा नसतो. महाप्याच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये उभा जन्म काढून मी निवृत्त झालोय, आणि आता माझी परीक्षा घेणारं माणूस घरात एकच उरलंय. पण सहामाहीचे दिवस आले की सकाळचा चहा घेताना मी आधी आभाळाकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि मग चपला सरकवून नाल्यापर्यंत जाऊन येतो.

"निघाली स्वारी नालेपाहणीला," बायको म्हणते. "फोटोग्राफर बरोबर घेतलात का?"

मी उत्तर देत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या टोमण्याला उत्तर द्यायचं आणि कुठल्याला फक्त चपलांचा आवाज द्यायचा, एवढं समजतं.

आमच्या सानपाड्यात ऑक्टोबर आधी कानांना कळतो. दिवाळीच्या आत घर नवं करून घ्यायची सगळ्या सोसायट्यांना एकदम घाई होते आणि टाइल्स कापायची मशिनं सकाळपासून किंचाळायला लागतात. मग नाकाला कळतो. ताज्या ऑइलपेंटचा वास, कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पिकून फुटलेल्या सीताफळांचा वास, आणि या सगळ्याच्या खालून, गादीखालच्या फळीसारखा पसरलेला खाडीचा वास. पाहुणे आले की खिडकी लावून घेतात. आम्हाला तो येतच नाही. पावसाची मध्येच एखादी सर येते, ऊन पुन्हा डोळे वटारतं, आणि नाल्याचं पाणी त्या उन्हात इतकं गप्प पडून राहतं की मला त्याचा संशय यायला लागतो.

हा संशय मला कोमलनं लावला. आणि कोमल माझ्यापर्यंत आली ती माझ्या जिभेमुळे.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माईक माझ्या हातात आला. माईक हातात आला की माझं डोकं थांबतं आणि जीभ सुटते. "दर रविवारी आपल्या पार्किंगमध्ये चित्रकलेचा वर्ग! सर्वांना मोफत! सर्वांना खुला!" टाळ्या पडल्या. शिकवणार होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई, चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. हे त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं होतं. जोशीबाई शनिवारीच लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेल्या. सोसायटीतल्या मुलांचे रविवार आधीच क्लासवाल्यांना दिलेले. तेव्हा रविवारी आली ती आमच्याकडे भांडी घासणाऱ्या, जिने झाडणाऱ्या बायकांची मुलं. कोणी जालन्याकडचं, कोणी गुलबर्ग्याकडचं, कोणी थेट झारखंडहून आलेलं. सतरंजीवर ओळीनं बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्यासमोर मी उभा होतो, शाळेत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत नापास झालेला.

आपल्याकडे ज्या माणसाला चित्र काढता येत नाही, त्यालाही एक चित्र येतंच. दोन डोंगर. मध्ये अर्धा सूर्य. तो उगवतोय की मावळतोय हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डोंगरातून निघून झोपडीला अगदी खेटून वाहणारी नदी. नारळाचं झाड. आकाशात चार पक्षी, प्रत्येकी दोन फटकाऱ्यांचे. माझ्या तिजोरीत एवढा एकच दागिना. मी तो फळ्यावर काढला आणि म्हणालो, "हं, काढा."

मुलांनी लगेच काढायला घेतलं नाही. त्यांनी आधी चौकशी केली.

"सर, ह्या घरात लाइट आहे का?"

"असेल."

"मग खांब कुठंय?"

"सर, संडास कुठं आहे?"

"सर, इथं कोण राहतं? भाडं किती?"

मी जन्मभर ते चित्र काढत आलो, पण त्या झोपडीत कोणी राहत असेल असं मला कधी सुचलंच नव्हतं. या मुलांनी मात्र घरं सोडलेली होती, घरं शोधलेली होती. घर दिसलं की ती आधी राहायच्या हिशेबानंच बघणार. मी घाम पुसत लाइटचा खांब काढला.

कडेला बसलेली एक बारा वर्षांची मुलगी, कोमल, काहीच विचारत नव्हती. तिनं डोंगर काढले, झोपडी काढली, दाराला कडीसुद्धा काढली आणि तिथं थांबली.

"नदी राहिली गं तुझी," मी म्हणालो.

"सर, नदी हितं नगं."

"का?"

"घरात येती."

मी हसलो. माझ्या हसण्याचा मला आज राग येतो, पण तेव्हा मला ते गमतीदारच वाटलं. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच नदी काढून दिली, झोपडीला चिकटून, फळ्यावर होती तश्शी. कोमलनं ती बघितली, खोडरबर घेतलं आणि कागद फाटेपर्यंत खोडलं.

घरी आलो तर तिची आई, वंदना, आमच्याच बेसिनपाशी भांडी घासत होती. मुलीबद्दल विचारलं. तिनं नळ बंद केला नाही, मान वर केली नाही, भांड्यांच्या आवाजातच सांगितलं. सीना नदीच्या काठाला गाव. आदल्या पावसाळ्यात नदी घरात आली. माणसं पत्र्यावर चढून बसली होती. पाणी आलं ते हटलंच नाही, आणि हटलं तेव्हा रानातली माती घेऊन गेलं. मग सगळी इकडे आली. नवरा वाशीच्या फळबाजारात हमालीला लागला, आणि सानपाडा गावठाणात भागीमावशी म्हणून आगरी बाई आहेत, त्यांच्या चाळीत खोली मिळाली.

"हितं यिऊन पन तीच गत, दादा," वंदना म्हणाली. "शाळा नाल्याच्या पल्याड. पुलावरनं जायाचं म्हनलं की पोरगी पाय लावती भुईला. पाऊस असला तर दारातनं हालत नाय. पाण्याकडं बघत बसती."

"सवय होईल," मी म्हणालो. मी नेहमी असंच काहीतरी म्हणतो.

"कवा व्हायची? बाई म्हनल्या, हजेरी नाय. सहामाहीला तरी बसू द्या. बसली तर बसली, नायतर दिवाळीपासनं माझ्यासंगं कामाला. एकटीला खोलीत ठिवून माझा जीव ऱ्हात नाय."

झालं. माझ्या अंगात संचारलं. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून चाळीसमोर हजर. पूल नको ना, मग रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यानं वळसा घालून सोडतो! वाटेत तिला शहराबद्दल माहितीही देत होतो. "हे शहर आखून बांधलंय, कोमल. इथे पाणी येतच नाही. सगळं इंजिनियर लोकांनी आधीच बघून ठेवलंय." असं म्हणत भुयारात उतरलो, आणि मधोमध जाऊन स्कूटर बंद पडली, कारण तिथे गुडघाभर पाणी होतं. कोमल ओरडली. तसं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिनं उडी मारली आणि पाण्यातून धावत परत गेली. तिची एक चप्पल तरंगत माझ्याकडे आली. मी ती उचलून स्कूटर ढकलत चाळीपर्यंत गेलो.

"मास्तर," ओट्यावर बसलेल्या भागीमावशी म्हणाल्या, "त्या पोरीला बुडवाला नेली होती काय रं?"

त्या दिवसापासून कोमलची शाळा पूर्णच बंद झाली. म्हणजे जी मुलगी अधूनमधून तरी जात होती, तिला मी कायमची घरी बसवली. वंदनानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तिनं आमची भांडी नेहमीसारखीच घासली. बायको मात्र म्हणाली, "आता अजून कुणाचं भलं करायचं नाही. प्लीज."

पण कोमल रविवारी आली. मला वाटलं नव्हतं येईल. कडेला बसली आणि झोपडी काढली. या वेळी मी तोंड शिवून उभा राहिलो. तिनं नदी काढली, अगदी कागदाच्या कडेला, निम्मी कागदाबाहेर गेलेली. पुढच्या रविवारी नदी थोडी आत आली, पण घर डोंगरावर चढलं. त्याच्या पुढच्या रविवारी घर खाली उतरलं, पण त्याला पायऱ्या आल्या. दर रविवारी ती नदीची आणि घराची जागा बदलून बघत होती. नदी जवळ आली की तिचा हात हळू व्हायचा. मग ती थांबायची, पेन्सिलीला उगाच टोक करायची आणि पुन्हा सुरू करायची.

मी त्यावर खूप विचार केलाय. मोठी माणसं घाबरलेल्या मुलाला सांगतात, काही होत नाही. मीही तेच सांगितलं, वर इंजिनियरांची साक्ष काढली. पण तिनं पाणी घरात आलेलं बघितलं होतं. तिला 'काही होत नाही' कसं पटावं? कागदावर तिला कुणी काही पटवत नव्हतं. तिथे नदी होतीच, फक्त ती कुठून वाहणार हे तिच्या हातात होतं. आम्हीही सगळे इथे बाहेरूनच आलेलो. मी कराडहून आलो तेव्हा आमच्यामागे सामानाचा टेम्पो होता. या मुलीच्या मागे नदी आली होती, आणि तिला ठेवायला तिच्याकडे एवढा एक कागद होता. तोही आमच्या सोसायटीच्या जुन्या नोटिशीचा, पाठकोरा. पुढच्या बाजूला 'थकबाकीदारांनी नोंद घ्यावी', मागच्या बाजूला सीना.

अर्थात हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा मी फक्त परीक्षा किती जवळ आली हे बघत होतो आणि रात्रीच्या जेवणात भात चिवडत होतो.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. एका रविवारी तिच्या नदीवर मीच पूल काढून दिला. म्हटलं, चित्रातून का होईना, पुलाची भीती जाईल. कोमलनं तो पूल बराच वेळ बघितला.

"सर, हा पूल नाय."

"मग काय आहे?"

"झोका हाय. खांब कुठायत? ह्यावरनं शेळी पन जायाची नाय."

सगळी मुलं हसली. मीही. "बरं बाई, मग पूल कसा असतो? तूच काढ."

तिनं पेन्सिल टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली. तिला पूल येत नव्हता, कारण नाल्यावरचा पूल तिनं कधी नीट बघितलाच नव्हता. त्यावरून जायची वेळ आली की ती डोळे मिटून आईचा हात धरायची. मला जर नीट पूल काढता आला असता तर तिनं तोच गिरवला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. माझ्या चित्रकलेनं जगाचं केलेलं हे एवढंच एक भलं. दुसऱ्या दिवशी तिनं वंदनाला सांगितलं, "पूल बघून यायचाय. वरनं नाय. बाजूनं."

तर संध्याकाळी आम्ही नाल्यावर. अलीकडच्या काठाला मूर्तिविसर्जनासाठी बांधलेल्या पायऱ्या आहेत, त्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर ती बसायची, भिंतीला पाठ लावून. खाली उतरायची नाही. पाण्यात काही प्लॉप करून पडलं की कागद सोडून उभी राहायची. पण बसायची. खांब काढायची. खांबांवर पाण्याचा काळा पट्टा असतो, त्याच्यावर बारीक शिंपले चिकटलेले असतात, ते एकेक काढायची. चिखलात निवटे नावाचे बारके मासे उड्या मारायचे, तेही पुढे पुढे चित्रात आले.

आठवड्याभराची चित्रं मी एका दिवशी मांडून बघितली आणि माझ्यातला हिशेबतपासनीस जागा झाला. एका चित्रात पाणी खांबाच्या गुडघ्याला, दुसऱ्यात पार कमरेला, तिसऱ्यात नुसता चिखल.

"कोमल, हे बघ. पूल एकच ना? मग पाणी सगळीकडे सारखं पाहिजे. कुठेतरी एक उंची ठरव."

"मी ठरवू?" ती म्हणाली. "सर, त्येच वर-खाली हुतंय."

"नाल्याचं पाणी? पाऊस नसताना?"

"हां. येतं अन् परत जातं."

"कुठे जातं?"

"म्हाईत नाय. पन जातं, सर. हितलं पानी परत जातं."

पंचवीस वर्षं मी त्या पुलावरून दूध आणायला गेलोय. नाल्यात खाडीची भरती-ओहोटी चालते, दिवसातून दोनदा चालते, हे माझ्या पायाखाली असूनही मला कळलं नव्हतं. मी तिला भरतीबद्दल चार शब्द सांगितले, तेही घरी जाऊन मोबाईलवर वाचून. तिनं ते नीट ऐकून घेतलं. पण तिच्यासाठी मोठी बातमी तिनं स्वतःच काढली होती. गावाकडचं पाणी आलं ते राहिलं. इथलं पाणी येतं आणि जातं.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. एका संध्याकाळी ओहोटी असताना ती आपण होऊन पायऱ्या उतरली. एक पायरी, थांबली, दुसरी. काठाच्या पहिल्या खांबापाशी जाऊन तिनं खिशातून विटकरी तेलखडू काढला आणि खांबावर आडवी रेघ ओढली. ठळक. दोनदा गिरवली.

"ही काय?"

"आमच्या गावच्या पुलाला अशी रेघ हुती. पानी रेघंच्या वर असलं तर मी जानार नाय."

"आणि खाली असलं तर?"

खडूच्या टोकावरचा कागद सोलत राहिली. "जाईन," ती म्हणाली.

मी धावत वंदनाकडे. वंदनानं कपाळाला हात लावला. "दादा, रेघंवर शाळा चालती व्हय?"

पण चालली. दोन दिवस ती पुलावरून गेली, आईचा हात धरून, पण डोळे उघडे ठेवून. मी घरात पेढे आणायची भाषा करू लागलो. बायको म्हणाली, "पेपर होऊ दे आधी." तिचं बरोबर होतं. कोजागरी दोन-तीन दिवसांवर आली होती, म्हणजे भरती मोठी. आणि पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री परतीच्या पावसानं पत्रे बडवून काढले.

सकाळी मी जेवढ्या वेगानं चाललो तेवढ्या वेगानं मी निवृत्तीच्या पैशांसाठीही चाललो नव्हतो. दोघी आधीच काठावर उभ्या होत्या. कोमलच्या छातीशी पॅड, दोन वेण्या, लाल रिबिनी. आणि खाली पाणी. काळं, फुगलेलं, वरच्या पायऱ्यांशी आलेलं. रेघ दिसत नव्हती.

"चल बाई," वंदना म्हणाली. "पुलाला काय बी झालेलं नाय. लोकं चाललीत बघ."

कोमल हलली नाही.

तिथे मी पुन्हा तोंड उघडलं. "अगं, रेघ पावसानं पुसली असेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मी तिच्या कागदावर काढलेल्या नदीकडे बघितलं होतं तसं. "तेलखडू हाय, सर. पुसत नाय."

वंदनाचा धीर सुटला. तिनं मनगट धरून ओढलं. "आज न्हाय गेलीस तर उद्या झाडू घे हातात! किती दिवस पान्याला भ्यायचं? मी न्हाई भ्याले? मी कुनाला सांगू?" तिचा आवाज फाटला. पुलावरून जाणारी माणसं थांबून बघू लागली. मला कळेना की कोणाचा हात सोडवावा. आता ही मुलगी गेली नाही तर हिची शाळा संपली आणि ओढत नेली तर पूल संपला, एवढंच मला दिसत होतं.

"आई, थांब." कोमल खाली बसली होती, पायरीवर. मनगट आईच्या हातात तसंच. "थांब. बाटली बघ."

पाण्यावर एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती. स्टेशनच्या दिशेनं, आत आत चाललेली. आम्ही तिघं ती बघत राहिलो. ती हळू झाली. पुलाच्या सावलीत येऊन जागच्या जागी गोल फिरली. बराच वेळ काहीच झालं नाही. वंदना मोबाईलमध्ये वेळ बघत होती आणि मी वंदनाकडे. मग बाटली, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी, वळली आणि खाडीकडे निघाली.

"उतरतंय," कोमल म्हणाली.

वंदनानं मनगट सोडलं. ती मुलीशेजारी ओल्या पायरीवर बसली, साडीचा विचार न करता. तिला कामाची दोन घरं चुकत होती, त्यातलं एक आमचंच होतं. खांबावर ओल्या शिंपल्यांची एक ओळ वर आली. मग दुसरी. शाळेकडून पहिली घंटा ऐकू आली आणि मी उठलो, तर कोमलनं मला हातानं खाली बसवलं. आणखी एक ओळ. मग पाण्याच्या कडेला काहीतरी विटकरी लुकलुकलं, बुडालं, पुन्हा लुकलुकलं आणि वरच राहिलं.

ती उठली. स्कर्टचा मागचा भाग झटकला. आईनं हात पुढे केला तो तिनं घेतला नाही; कठड्याला धरून एकटीच निघाली. मधोमध थांबली. तिनं वाकून खाली बघितलं, चांगलं निरखून, आणि चालायला लागली. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर पळाली.

वंदना डोळे पुसत कामावर गेली. "दादा, तुमी पन जावा घरी," म्हणाली. मी हो म्हणालो आणि तिथेच बसलो. आभाळ पुन्हा भरून येत होतं. पाणी आता उतरणार, पेपर सुटेपर्यंत चिखल उघडा पडणार, हे मला ठाऊक होतं, मोबाईलवरही होतं. तरी मला वाटत होतं की मी उठलो तर ते वर येईल.

भागीमावशी बाजारातून टोपली घेऊन चालल्या होत्या. मला पायरीवर बघून थांबल्या.

"काय मास्तर, मासं धरायला गरी टाकून बसलाव काय?"

"नाही मावशी," मी रेघेवरची नजर न काढता म्हणालो. "पेपर चालू आहे."